कुकरची शिट्टी होईपर्यंत

"ती विचार नाय करत गं. घाबरती ती."

बाबांचं हे वाक्य मी गॅलरीत टॉवेल वाळत घालताना ऐकलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीतच उघडते. आत बाबा आणि स्नेहल लसूण सोलत बसले होते. स्नेहल म्हणजे माझी आतेबहीण, मालेगावच्या आत्याची मुलगी. तिने विचारलं होतं, "मामा, सुजूताई एवढा वेळ का लावती हो? पत्ते पाठ करती का काय?" त्यावर बाबांचं हे उत्तर आलं आणि मग दोघं हसले. ते हसणं वाईट नव्हतं. वाईट असतं तर मला रागावता तरी आलं असतं. घरातल्या एखाद्या जुन्या सवयीवर, दार अडकतं किंवा नळ टपकतो यावर हसावं, तसं ते हसणं होतं. मी टॉवेलला चिमटा लावला, मग काढला, मग पुन्हा लावला. वाक्यापेक्षाही जास्त मला बाबांचं ते 'नाय' आणि 'घाबरती' लागलं. माझ्याशी ते तसं कधी बोलत नसत.

हे नीट सांगायचं तर आमच्या रविवारबद्दल सांगायला हवं. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी विहारात वंदना असायची. ती आटोपून, कोपऱ्यावरच्या दुकानातून मटण घेऊन बाबा साडेदहापर्यंत घरी यायचे आणि अकराला आमच्या हॉलमधल्या टेबलावर पोकर सुरू व्हायचा. पोकर हा शब्द आमच्यासारख्या घरात कसा आला याचं लोकांना नवल वाटतं. तो जोसेफ काकांबरोबर आला. जोसेफ काका समोरच्या इमारतीत राहायचे. उभा जन्म जहाजांवर आचारी म्हणून काढून ते नाशिकला परतले होते आणि येताना पत्त्यांचा हा एक खेळ आणि गुडघेदुखी घेऊन आले होते. दुसरे वाघ सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. तिसरे बाबा, तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होते. चौथे निकम काका. आईने पहिल्याच दिवशी अट घातली होती की टेबलावर रुपया दिसला तर पत्ते गॅसवर जातील. म्हणून हे लोक बेदाण्यांवर खेळायचे. वाघ सरांच्या भावाची पिंपळगावकडे द्राक्षांची बाग होती, बेदाणे तिथूनच यायचे. हिरवा बेदाणा एक, काळा बेदाणा पाच. प्रत्येकाला एक स्टीलची वाटी. खेळून खेळून ते बेदाणे इतके हाताळले जायचे, की आईने ते शिऱ्यात घालायला कायमचा नकार दिला होता. "बारा बोटं लागलेला बेदाणा माझ्या शिऱ्यात येणार नाही," ती म्हणायची. चाळीस म्हणा, असं वाघ सर हिशेब दुरुस्त करायचे.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं, मधे एकेक करून उघडत जाणारी पाच. त्यातून ज्याची जोडी, तिडी किंवा ओळीची पाच पानं मोठी जमतील तो जिंकला. प्रत्येक उघडणाऱ्या पानासरशी बेदाणे पुढे सरकवायचे, नाहीतर पानं टाकून द्यायची. टाकणं म्हणजे पॅक. पण खरा खेळ पानांमध्ये नव्हता, तो वेळेमध्ये होता, आणि हे मला आमच्यातल्या कुणीही सांगायच्या आधी कळलं होतं. मी सोळा वर्षांची असल्यापासून बाबांच्या मागे स्टुलावर बसून बघत आले होते. मला बोलायला लाज वाटायची, बघायला नाही. वाघ सरांचे ओठ हलायचे, ते मनात गणित करायचे आणि गणित अवघड असलं की डावा डोळा बारीक व्हायचा. निकम काका चांगली पानं आली की आधी चष्मा पुसायचे. बाबा बोटाने टेबलावर ठेका धरायचे आणि ठेका थांबला की समजावं, हे पॅक करणार. एकटे जोसेफ काका असे होते की त्यांच्याकडून काहीच मिळायचं नाही. चांगलं पान असो की वाईट, ते दोन श्वास घ्यायचे, मगच हात हलवायचे. "बेबी," ते मला सांगायचे, "भिकार पानाला आणि राजा पानाला सेम टाइम द्यायचा. नाहीतर तुझं घड्याळच तुझी चुगली करतं."

कुणी फार वेळ लावला तर काय करायचं, यावर पूर्वी भांडणं व्हायची. जोसेफ काकांच्या जहाजावर म्हणे कुणीतरी घड्याळ मागायचं आणि मग ठरावीक वेळात निर्णय द्यावाच लागायचा. आमच्याकडे मनगटी घड्याळ वापरून बघितलं, तर वाघ सर सेकंद काट्यावरून वाद घालायचे. मोबाइल आईने टेबलावरून हद्दपार केले होते. शेवटी आईनेच एकदा आतून ओरडून सांगितलं, की माझ्या कुकरची शिट्टी झाली की टाका काय टाकायचं ते, एकदाचे उठा आणि जेवा. तेव्हापासून तोच नियम झाला. समोरचा अडून बसला, की कुणीही टेबलावर हात मारून म्हणायचं, "शिट्टी." मग कुकरची पुढची शिट्टी होईपर्यंत त्याला मुदत. शिट्टी झाली आणि निर्णय नसला तर पानं पॅक. कुकर कुणाच्या बाजूचा नसतो, असं जोसेफ काका म्हणायचे, आणि ते चौघांनाही मान्य होतं. स्वतःला वेळ हवा असेल तर मोठ्याने 'वेळ' म्हणायचं, हाही एक नियम होता. मी निकम काका नसतील तेव्हा कधीकधी त्यांच्या जागी बसायचे आणि मला तो एक शब्दही म्हणता यायचा नाही. मी फक्त एक बोट वर करायचे. जोसेफ काकांनी ते चालवून घेतलं होतं.

मग निकम काका मुलीकडे पुण्याला राहायला गेले आणि चौथी खुर्ची रिकामी झाली. टेबल भिंतीला लागून होतं, खुर्च्या चारच मावत. पाचवी ठेवली की स्वयंपाकघराच्या दारात अडचण व्हायची. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, ही माझी. चार वर्षं मी स्टुलावर बसले होते. कुणी म्हणेल, एका खुर्चीचं एवढं काय? पण बाबा माझ्याशी सैल होऊन बोलायचे ते फक्त त्या टेबलावर. त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, हप्त्याहप्त्याने फी भरली, आणि मी इंग्रजी कविता म्हणायला लागल्यावर ते माझ्याशी जपून बोलायला लागले. मला 'सुजाता' म्हणायचे, पूर्ण. वाक्यं पूर्ण करायचे. पाहुण्यांशी बोलावं तसं. आई मला सुजू म्हणायची, कॉलनी मला सुजू म्हणायची, बाबा नाही. फक्त डाव रंगला की ते विसरायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "सुजू, पाणी दे गं." त्या एका वाक्यासाठी मी रविवारची वाट बघायचे.

त्याच सुमारास, निकम काका गेल्यावर महिन्याभरात, स्नेहल आमच्याकडे राहायला आली. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष तिला नाशिकला करायचं होतं. ती माझ्यापेक्षा वर्षाने लहान. एक पत्र्याची पेटी, एक शेवेचा डबा आणि मोठा आवाज घेऊन आली. तिने पहिल्याच दिवशी आईला पोळ्या लाटू दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या स्कूटरचा सैल आरसा पिळून घट्ट केला, जो मी वर्षभर हलताना बघत होते. तिसऱ्या दिवशी बाबा ऑफिसातून येताना दोन कागदी पुड्या घेऊन आले, एकीत माझ्यासाठी केक, दुसरीत तिच्यासाठी तिखट शेव, आणि मग ते दोघं शेव खात बसले. आपल्या गावाकडच्या कुठल्याशा मास्तरची नक्कल बाबांनी तिला करून दाखवली. ती नक्कल मी वीस वर्षांत पाहिली नव्हती. केक चांगला होता. मी तो उभ्याने खाल्ला.

मला तिचा राग यायचा म्हणणं सोपं आहे. राग नव्हता तो. मी तिच्याकडे बघत राहायचे, हेच मला सहन व्हायचं नाही. ती चप्पल घालता घालता निर्णय घ्यायची. कुठला ड्रेस, कुठली बस, कुठलं कॉलेज. तिला भाजीवाल्याशी घासाघीस करताना गंमत वाटायची. माझा शाम्पू ती वापरायची आणि सांगायचीही, "ताई, तुझा शाम्पू लय भारी हाय." खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. मी तेव्हा एक गोष्ट केली, ती इथे लिहून टाकते. तिची एका ऑफिसात ट्रेनिंगसाठी मुलाखत होती, नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे. तिने मला विचारलं, कसं जायचं. मी सांगितलं, द्वारकाला उतर. हे बरोबरच होतं. पण द्वारकाच्या चौकात उतरलं की पलीकडे जायला अर्धा तास जातो, म्हणून जाणकार लोक एक थांबा आधी उतरून आतल्या रस्त्याने चालत जातात. ते मी सांगितलं नाही. त्या सकाळी नाश्त्याला ती पोहे चिवडत बसली होती आणि तिचा गुडघा टेबलाखाली असा थरथरत होता की कपबश्या वाजत होत्या. मी बघितलं आणि माझा चहा संपवला. ती उशिरा पोहोचली. संध्याकाळी आली, पाय धुतले आणि एवढंच म्हणाली, "ताई, लय गर्दी असती गं तिथं." आजही द्वारकाच्या सिग्नलला गाडी थांबली की मला ते पोहे आठवतात.

आणि मग ती पत्ते शिकली. एका रविवारी, गंमत म्हणून, जोसेफ काकांनी तिला निकम काकांच्या खुर्चीत बसवलं. पहिल्या तासात तिला खेळ कळला, दुसऱ्या तासात तिने वाघ सरांचे सगळे काळे बेदाणे उचलले. ती पानं बघायची आणि लगेच बेदाणे ढकलायची, जणू कुणी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. समोरच्याला सावरायला वेळ मिळायचा नाही. वाघ सरांचं गणित अर्ध्यावर राहायचं. "काय पोरगी हाय," बाबा म्हणाले, "चटकन फैसला." मी माझ्या स्टुलावर होते. बाबांना चपला घ्यायला अर्धा तास लागतो, हे आम्हाला घरी सगळ्यांना माहीत होतं. एकदा बढतीवर दुसऱ्या जिल्ह्यात जायचं की नाही यावर ते इतके दिवस विचार करत बसले, की ती जागा दुसऱ्याला गेली. आता मला वाटतं, स्नेहलमध्ये त्यांना आपण कधी नव्हतो तो माणूस दिसत असावा. आणि माझ्यात आपण होतो तोच. पण तेव्हा हे कळायला माझ्याकडे जागा नव्हती. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ते तिच्याकडे बघतात तेव्हा त्यांचे खांदे खाली येतात.

त्यानंतर चौथ्या खुर्चीत कधी ती बसायची, कधी मी. म्हणून गॅलरीतलं ते वाक्य एवढं लागलं. सगळ्यात वाईट हे, की ते खरं होतं. मी टॉवेल तसेच टाकून खोलीत गेले आणि आठवून बघितलं. वाईट पानं आली की मी लगेच पॅक करायचे, कारण त्यात गमवायचं काही नसायचं. चांगली पानं आली की मी अडकायचे. हातात काही आहे म्हणजे ते जाऊ शकतं. मला वाटायचं मी सगळ्यांना वाचते आहे, आणि इकडे माझंच पुस्तक उघडं पडलं होतं. ताई थांबली म्हणजे तिच्याकडे काहीतरी आहे, हे आता स्नेहलला माहीत झालं होतं. माझ्या बाबांनीच तिला ते दिलं होतं, लसूण सोलता सोलता. पण त्यातच एक विचित्र गोष्ट होती, जी मला दोन दिवसांनी सुचली. बाबांना हे माहीत होतं, म्हणजे ते मला बघत होते.

खुर्चीचा प्रश्न वाघ सरांनी काढला. दर रविवारी चौथा कोण यावर नाटक नको, म्हणाले, एक काय ते ठरवा. बाबांनी चष्मा काढला, घातला. त्यांना ठरवता येईना. ते कुणाचं नाव घेतात हे ऐकायला मी दारात उभी होते आणि त्यांनी कुणाचंच घेतलं नाही. जोसेफ काका म्हणाले, "टेबलला ठरवू दे. नेक्स्ट संडे दोघी बसतील. जिच्या वाटीत शेवटी बेदाणे राहतील तिची खुर्ची." स्नेहल म्हणाली, "चालंल." मी मान हलवली.

तो आठवडा मी दोन श्वास घ्यायची सवय करण्यात घालवला. जेवताना भाजी वाढून घेण्याआधी दोन श्वास, फोन उचलण्याआधी दोन श्वास. आई म्हणाली, "तुला दम लागतो का गं?"

रविवारी टेबल भिंतीपासून ओढलं. पाचवी जागा स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या जुन्या स्टुलावर. कोण स्टुलावर बसणार, यावर जोसेफ काका छापा-काटा करणार होते, पण तोपर्यंत स्नेहल खुर्चीत बसली होती. मी अजून विचार करत होते. म्हणून स्टूल माझ्या वाट्याला आलं आणि माझी पाठ कुकरच्या उष्णतेला लागली. मागे आईने कांदा-खोबरं भाजलं होतं, काळ्या मसाल्याचा वास पाठीवरून पुढे येत होता. पहिला तासभर मी वाईट खेळले. दोन श्वासांचा हिशेब करता करता मला पानंच आठवेनात. बेदाणे जात राहिले. स्नेहल हसत होती, वाघ सरांना चिडवत होती. "सर, गणित सुटलं का? का पुढच्या वर्षाला ठेवायचं?" वाघ सर म्हणाले, "तुझ्यासारखे विद्यार्थी होते म्हणून तर मी लवकर निवृत्त झालो." बाबा खूप हसले. मी माझ्या वाटीत बघितलं. मग मी ते श्वास सोडून दिले. जे व्हायचं ते माझ्या वेळेने होऊ दे, असं ठरवलं, आणि हळूहळू थोडे बेदाणे परत आले. बारानंतर केव्हातरी स्नेहलची आणि माझी वाटी जवळजवळ सारखी झाली.

तो डाव मला पानापानासकट आठवतो. माझ्या हातात दोन अठ्ठ्या होत्या. मधे बदामचा राजा, किलवरची दश्शी आणि चौकटची चव्वी उघडली. बाकी तिघं पॅक झाले. स्नेहलने बेदाणे सरकवले, मी तेवढेच सरकवले. चौथं पान दुर्री. तिने पुन्हा सरकवले, मीही. शेवटचं पान तिर्री, कुणाच्या कामाचं नसलेलं. स्नेहलने पान पडता पडता आपली अख्खी वाटी टेबलावर उपडी केली. "सगळे," ती म्हणाली. हिरवे-काळे बेदाणे राजाच्या पानावर सांडले. मी ते स्वीकारले तर माझेही जवळजवळ सगळे जाणार होते. तिच्याकडे एक जरी राजा असला, तर माझ्या अठ्ठ्यांची किंमत शून्य. पॅक केलं असतं तर थोडे बेदाणे वाचले असते, पण पुरे पडले नसते.

मी बोट वर केलं.

आधी कुणाला काही वाटलं नाही. माझी सवयच ती. मग वाघ सरांनी खुर्ची करकरवली. स्नेहलने बाबांकडे बघितलं आणि टेबलावर तळहात मारला. "शिट्टी."

मागे कुकरची तिसरी शिट्टी नुकतीच होऊन गेली होती. मटणाला आई चार शिट्ट्या काढायची, मग गॅस बारीक करून ठेवायची. सगळ्यांना वाटलं, दोन-तीन मिनिटांत चौथी होईल. पण मी दारात बसले होते. मी गॅसच्या बटणाचा तो छोटासा आवाज ऐकला आणि मागची फुरफुर खाली बसलेली ऐकली. आईने त्या दिवशी तिसऱ्यालाच गॅस बारीक केला होता. चौथी शिट्टी येणार नव्हती. माझ्याकडे हवा तेवढा वेळ होता आणि हे टेबलावर फक्त मला माहीत होतं. आईला मी नंतर विचारलं, मुद्दाम केलंस का? ती म्हणाली, मटण कोवळं होतं.

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा, घाई नसताना थांबले. आणि मला कळलं की स्नेहलला मी कधी थांबलेली बघितलीच नव्हती. ती सगळं इतक्या पटकन करायची, की बघायला काही उरायचंच नाही. आता तिला थांबावं लागत होतं. आधी ती हसली. मग म्हणाली, "मामी, मटणाचा लय भारी वास सुटलाय." मग तिने सांडलेल्या काळ्या बेदाण्यांची रांग लावली आणि मोडली. चिकट झालेलं बोट चाटलं. पुन्हा आपली दोन पानं उचलून बघितली, जणू ती बदलली असतील. "हा कुकर झोपला का काय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज किंचित वर चढला होता. जोसेफ काका दोन श्वास घेत होते, दोन सोडत होते. बाबांच्या बोटाचा ठेका थांबला होता.

तेव्हा मला माझ्या स्टुलाचा पाय वाजताना जाणवला. लोखंडी पाय, टेबलाच्या पायाला लागलेला. अगदी बारीक, सतत, मोबाइल थरथरावा तसा. टेबलाखाली तिचा गुडघा हलत होता. मला ते पोहे आठवले, वाजणाऱ्या कपबश्या आठवल्या, आणि मी न सांगितलेला रस्ता. इतके महिने मी जिचा हेवा केला, ती जिगर नव्हती. तिला भीती वाटली की ती पळत सुटायची आणि मला भीती वाटली की मी खिळून राहायचे. बाबांना त्यातलं एकच दिसत होतं. हे कळल्यावर माझा हेवा गेला असं मी लिहिणार नाही. गेला नाही. अजूनही ती विंचूरहून, तिच्या ऑफिसातून फोन करते, सांगते की काल गाडी बुक केली, ठरवायला दहा मिनिटं लागली, आणि फोन ठेवल्यावर मी ती दहा मिनिटं मोजत बसते. पण त्या क्षणी एक हिशेब मात्र सरळ झाला. चांगली पानं हातात असली की स्नेहल भीती विसरायची, चिडवायची, खाली झुकायची. त्या सकाळी जिंकलेल्या प्रत्येक डावात तिचा पाय शांत होता आणि माझं स्टूल गप्प होतं. तरी खात्री नव्हती. खुर्ची तिलाही हवी असेल, राजा असूनही पाय हलत असेल. मी ते सगळं पुन्हा एकदा मनात फिरवलं. मला भीती वाटत होती. भीती जायची वाट बघत बसले असते तर मटण करपलं असतं.

मी माझी वाटी उचलली आणि उपडी केली.

स्नेहलने पानं उघडली. राणी आणि गुलाम. राजा आणि दश्शीबरोबर नव्वी किंवा एक्का आला असता तर तिची पाच पानांची ओळ जुळली असती. आलं नव्हतं. तिच्याकडे साधी जोडीही नव्हती. मी माझ्या दोन अठ्ठ्या ठेवल्या. वाघ सर म्हणाले, "अठ्ठ्या? अठ्ठ्यांवर?" आणि मग दाराकडे मान वळवून, "वहिनी, शिट्टी कुठाय तुमची?"

"गॅस केव्हाच बारीक केलाय," आई आतून म्हणाली. "दारातच तर बसलीय ती, तिला नाही का ऐकू आलं?"

जोसेफ काका इतके हसले की त्यांना खोकला आला. स्नेहल माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुला माहीत होतं?" मी होकारार्थी मान हलवली. "लय डांबरट हायेस तू," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसलीही, आणि तिने आपल्या हाताने तो बेदाण्यांचा ढीग माझ्याकडे लोटला. बाबांचा हात आधी तिच्या डोक्यावर गेला. ते मी बघितलं. "जाऊ दे गं," ते तिला म्हणाले, "लय भारी खेळली." मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी घसा साफ केला आणि पाहुण्यांशी बोलावं तसं नीट, पूर्ण वाक्यात विचारलं, "सुजाता, एवढा वेळ लावलास. घाबरली होतीस का?"

मागे मटण मंद आचेवर शिजत होतं. पहिल्यांदा मी बोट वर केलं नाही.

"हो, घाबरले होते," मी म्हणाले. "आणि विचारही करत होते, बाबा. दोन्हीला वेळ लागतो."